माणूस तोच, ऑफिस वेगळं : तुमचे प्रश्न

गेल्या वेळी मी अप्रेझलबद्दल थोडं लिहिलं होतं, की रेटिंग माणसाच्या नावावर लागतं पण त्यातला बराचसा भाग तो जिथे बसतो त्या जागेचा असतो. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळी दुसरा विषय घेतच नाहीये. एचआरमध्ये 22 वर्षं काढलीयेत मी, त्यामुळे काही पत्रं वाचताना तशीच माणसं डोळ्यासमोर उभी राहिली. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आधीच्या कंपनीत 6 वर्षं होते, अवघड बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) सगळे माझ्याकडेच यायचे, दोनदा अवॉर्ड पण मिळालं. 8 महिन्यांपूर्वी जास्त पगारावर नवीन कंपनीत आले आणि पहिल्याच रिव्ह्यूमध्ये ऐकायला मिळालं की काम ठीक आहे पण तू मीटिंगमध्ये बोलत नाहीस, व्हिजिबिलिटी नाही, ओनरशिप दिसत नाही. मी मुळातच कमी बोलते. इथे सगळे एकमेकांचं तोडून बोलतात, मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. आता वाटायला लागलंय की आधीचं यश नशिबानेच मिळालं होतं. स्वभाव बदलायला हवा का?

उत्तर : नशिबाने नव्हतं, हे आधी डोक्यातून काढा. 6 वर्षं अवघड बग कोणी कोणाकडे उगाच पाठवत नाही.

बोरिस ग्रॉइसबर्ग नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक आहेत, त्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या, 1,052 स्टार ॲनालिस्टचा 1988 ते 1996 या काळातला रेकॉर्ड तपासला. आता हे काम असं की वाटतं सगळं एकट्याच्या डोक्यात आहे, आकडे वाचायचे, अहवाल लिहायचा, कंपनी बदलली तर डोकं बरोबर येतंच की. पण झालं उलटं. दुसरीकडे गेल्यावर बऱ्याच जणांची कामगिरी घसरली आणि ती पटकन सावरलीही नाही, काहींच्या बाबतीत तर 5 वर्षांनंतरही परिणाम दिसत होता. जे आपल्या टीममधली माणसं बरोबर घेऊन गेले त्यांचं तेवढं बिघडलं नाही. म्हणजे जी हुशारी त्यांना स्वतःची वाटत होती त्यातली बरीच आजूबाजूच्या माणसांत, सवयींत, कोणाला काय विचारायचं या माहितीत मुरलेली होती.

तुमचंही तेच झालंय असं मला वाटतं. जुन्या ठिकाणी तुम्ही नुसतं "हे एकदा बघ ना" म्हणालात तरी डेव्हलपर हातातलं काम सोडून बघत असणार, कारण तुमच्या "एकदा बघ"ला किती वजन आहे हे त्याला 6 वर्षांत कळलेलं होतं. नवीन ठिकाणी त्याच शब्दांना काहीच किंमत नाही, आणि हे 8 महिन्यांत होतही नाही. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1936 मध्येच हे समीकरणासारखं मांडून ठेवलंय, की वागणूक ही माणूस आणि त्याची परिस्थिती या दोघांवर मिळून ठरते. आपण रिव्ह्यूच्या फॉर्मवर मात्र फक्त माणसाचं नाव लिहितो.

आता कमी बोलण्याबद्दल. बडबड्या माणसालाच कामात यश मिळतं असं आपण धरून चालतो ना, ते अगदी सेल्समध्येसुद्धा खरं निघालं नाही. ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने 2013 मध्ये 340 कॉल सेंटर सेल्सवाल्यांचा अभ्यास छापला, त्यात सगळ्यात जास्त विक्री फार बोलक्यांचीही नव्हती आणि फार अबोलांचीही नव्हती, मधल्या लोकांची होती, जे बोलतातही आणि समोरच्याचं ऐकूनही घेतात. तर स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका, तो असा 8 महिन्यांत बदलतही नाही, आणि बदलल्याचं नाटक करून माणूस संध्याकाळपर्यंत नुसता गळून जातो.

पण तुमच्या मॅनेजरचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. तुमच्या डोक्यात राहिलेला बग त्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला ते मार्क देऊ शकत नाहीत. म्हणून स्वभाव तोच ठेवा, वाट बदला. मीटिंगच्या आदल्या दिवशी दोन-चार ओळींची नोट पाठवा की या रिलीजमध्ये मला या या जागा कच्च्या वाटतायत, मग मीटिंगमध्ये तुम्हाला आवाज चढवायची गरजच नाही, कोणीतरी ती नोट उघडून तुम्हालाच विचारेल. आणि मॅनेजरला एकदा समोर बसून सरळ सांगा की मला विषय आधी कळला तर माझ्याकडून जास्त मिळतं, ऐनवेळी मी गप्प होते. हे सांगायला लोक घाबरतात पण ही तक्रार नाही, मशीन कसं चालवायचं त्याची माहिती आहे.

माझ्या एका जुन्या कंपनीत अकाउंट्सच्या टीमचे हेड होते, त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली होती, महत्त्वाचा विषय निघाला की पहिली 5 मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं म्हणणं कागदावर लिहायचं आणि मग एकेकाने वाचायचं. त्या टीममध्ये एक मुलगी होती जिचा आवाज मी 2 वर्षांत धड ऐकला नव्हता, आणि पहिल्याच महिन्यात तिच्या कागदावरून एक डबल पेमेंट पकडलं गेलं. ती आधीही हुशार होतीच, तिला फक्त तोवर कोणी विचारलं नव्हतं.

वर्षभर हे करून बघा. तरीही तिथे जो मोठ्याने बोलेल त्याचंच खरं असं राहिलं तर दुसरीकडे बघायला लागा, आणि यावेळी इंटरव्ह्यूमध्ये पगाराच्या आधी हे विचारा की तुमच्याकडे टेस्टरने रिलीज थांबवायला सांगितलं तर नक्की काय होतं.

प्रश्न : मी 9 जणांची टीम बघतो. चूक झाली की कोणी सांगत नाही, थेट क्लायंटकडून कळतं. मी शंभर वेळा सांगितलंय की काही असेल तर सरळ मला येऊन सांगा. तरी सगळे गप्प. या पोरांना जबाबदारीची जाणीवच नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. माणसंच बदलावीत का?

उत्तर : रागावू नका, पण मला एक सांगा. शेवटचं जेव्हा कोणी स्वतःहून येऊन चूक सांगितली तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं होतं? आठवून बघा खरंच. "असं कसं झालं?" की "कोणी केलं?" की नुसता एक सुस्कारा? तुमचं शंभर वेळा सांगितलेलं कोणाच्या लक्षात नाही, ते एक वाक्य मात्र नऊच्या नऊ जणांच्या लक्षात आहे, जे त्या दिवशी सुट्टीवर होते त्यांच्यासुद्धा.

हार्वर्डच्याच प्राध्यापक एमी एडमंडसन यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या मॅनेजरला सांगायचे. त्या हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या, औषध देताना होणाऱ्या चुकांचा. अपेक्षा साधी होती, चांगल्या टीमकडून चुका कमी होणार. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीम्समध्येच चुका जास्त! नंतर नीट बघितल्यावर उलगडलं, की चांगल्या टीम्स चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका जास्त सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी नर्सेस शिक्षेच्या भीतीने लपवत होत्या. हा अभ्यास 1996 मध्ये छापून आला आणि 1999 मध्ये त्यांनी सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा पेपर लिहिला, म्हणजे या टीममध्ये मी प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तर माझी बेइज्जती होणार नाही ही खात्री. पुढे गुगलने आपल्याच 180 टीम्स तपासल्या की काही टीम्स चांगल्या का चालतात, त्यातही टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे जास्त महत्त्वाचं निघालं आणि ही खात्री यादीत सगळ्यात वर होती.

तर तुमच्याकडे चुका क्लायंटकडून कळतात याचा अर्थ मी तरी असा लावेन की पोरांना चूक कळते पण तुमच्यापर्यंत आणायची किंमत त्यांना जास्त वाटते.

आणि माणसं बदलायचं म्हणताय ना, त्यावर एक उदाहरण देते, मला स्वतःला याने फार हलवलं होतं. कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीतल्या सगळ्यात वाईट कारखान्यांपैकी एक समजला जायचा, गैरहजेरी 20 टक्क्यांच्या आसपास, कामावर दारू, मुद्दाम गाड्या बिघडवून ठेवण्याचे प्रकार. 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना नम्मी या नावाने पुन्हा उघडला, आणि गंमत म्हणजे घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. पण त्यातल्या काही जणांना ट्रेनिंगला जपानला पाठवलं, सगळ्यांना टीममध्ये काम दिलं, आणि गाड्या जोडायच्या लाईनवर एक दोरी दिली, काही चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची, टीम लीडर धावत मदतीला येणार आणि गरज पडली तर अख्खी लाईन थांबणार. जुन्या दिवसांत लाईन थांबवणं म्हणजे मोठा गुन्हा होता. थोड्याच काळात गैरहजेरी 2-3 टक्क्यांवर आली आणि गाड्यांची क्वालिटी जनरल मोटर्सच्या सगळ्यात चांगल्या कारखान्यांच्या बरोबरीला गेली. ज्यांना सगळे नालायक म्हणत होते तीच माणसं!

अर्थात मधली 2 वर्षं त्या लोकांनी बेकारी बघितली होती, तोही भाग असणारच, सगळं श्रेय दोरीला देऊ नये. आणि जनरल मोटर्सने दुसऱ्या कारखान्यांत हीच पद्धत न्यायचा प्रयत्न केला तेव्हा लगेच जमलं नाही, कारण दोरी टांगता येते, पण ओढल्यावर साहेब चिडणार असेल तर ती ओढायला हात वर जात नाही. तुमचं "सरळ येऊन सांगा" हे सध्या तसंच टांगलेल्या दोरीसारखं झालंय.

काय करायचं? पहिल्यांदा स्वतःची एक खरी चूक टीमसमोर सांगा, छोटी नको, जिची तुम्हाला लाज वाटली होती ती. मग कोणी काही घेऊन आला की आधी "बरं झालं आत्ता सांगितलंस" आणि मग "नेमकं काय झालं", "कोणी" हा शब्द पहिल्या दिवशी काढायचाच नाही. पहिला महिना-दीड महिना कोणी विश्वास ठेवणार नाही, ते तुमची परीक्षा बघत असतील, एखादा मुद्दाम लहानशी चूक आणून बघेल की साहेब काय करतात. तिथे घसरलात तर परत पहिल्यापासून. आणि हे सगळं मनापासून केल्यावरही एखादा लपवतच राहिला तर मग मात्र प्रश्न त्या माणसाचा आहे, आणि तेव्हा त्याला सोडताना तुमचं मनही खाणार नाही.

प्रश्न : आमची 30 माणसांची फर्म आहे. मित्राने सुचवलं की चार अक्षरांची ती पर्सनॅलिटी टेस्ट घेऊनच माणसं घ्यायची म्हणजे चुकीची निवड होत नाही. करावं का?

उत्तर : नोकरीला घेण्यासाठी नको. ती टेस्ट म्हणजे मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय), कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून तयार केली, आणि ती विकणारी कंपनी स्वतःच सांगते की निवडीसाठी हिचा वापर करू नका. माणसाला 16 खोक्यांपैकी एकात बसवायचं आणि तोच माणूस काही आठवड्यांनी परत टेस्टला बसला की बऱ्याचदा दुसऱ्याच खोक्यात निघतो, त्यावर कोणाची नोकरी ठरवणं मला योग्य वाटत नाही. टीममध्ये गप्पा सुरू व्हायला, तू असा का वागतोस मी अशी का वागते हे बोलायला ठीक आहे.

संशोधक ज्यावर जास्त भरवसा ठेवतात ते पाच गुणांचं मॉडेल आहे, नवं स्वीकारायची वृत्ती, शिस्तशीर-जबाबदारपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता, आणि त्यात कोणी या किंवा त्या खोक्यात नसतं, प्रत्येक गुण कमी-जास्त असतो. पण तोसुद्धा कामगिरीचा एक तुकडाच सांगतो. तुमच्यासारख्या फर्मला त्याहून सोपं आणि चांगलं म्हणजे उमेदवाराला खऱ्या कामाचा एक छोटा नमुना करायला द्या, आणि इंटरव्ह्यूला सगळ्यांना तेच ते प्रश्न त्याच क्रमाने विचारून लगेच मार्क लिहून ठेवा. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी 1998 मध्ये 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं होतं, त्यात या दोन्ही गोष्टी बऱ्याच वरच्या नंबरवर होत्या.

आणखी एक सांगते, न विचारता. बेंजामिन श्नायडर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लिहिलंय की कंपनीकडे तिच्यासारखीच माणसं ओढली जातात, कंपनी तशीच निवडते आणि जी वेगळी असतात ती सोडून जातात, त्यामुळे हळूहळू सगळे एकाच साच्यातले होतात. 30 जणांत हे फार लवकर होतं. "आपल्यात फिट होईल का" हा प्रश्न विचारताना तुम्ही आपल्यासारखाच अजून एक शोधताय का, हे बघा.

प्रश्न : माझ्या टीमचे सहाही जण यावर्षी जीव तोडून काम करत होते, प्रोजेक्ट वेळेत गेला. पण बेल कर्व्हमुळे एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागेल म्हणतायत. कोणाला देऊ?

उत्तर : याचं बरोबर उत्तर नाहीये, कारण प्रश्नच चुकीचा विचारलाय तुम्हाला. बेल कर्व्ह, म्हणजे थोडे खूप चांगले, थोडे कच्चे आणि बाकी सगळे मधले अशी वाटणी, हजारो माणसांच्या गर्दीत कदाचित दिसेल, सहा जणांत तो दिसलाच पाहिजे असा काही नियम नाही. जनरल इलेक्ट्रिकने वरचे 20 टक्के, मधले 70 आणि खालचे 10 अशी वाटणी करून ही पद्धत गाजवली, मायक्रोसॉफ्टमध्येही असंच रँकिंग होतं आणि त्यांनी ते नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केलं. शेजारी बसलेल्याला मदत केली तर आपण खाली जाऊ असं ज्याला माहिती आहे तो मदत करणार नाही, इतकं हे सरळ आहे.

तुम्ही लेखी द्या. सहाही जणांचं काम, तारखा, कोणी काय उचललं ते सगळं मांडून सांगा की मी कोणालाही खाली टाकू शकत नाही, टाकायचंच असेल तर ते वरून टाका आणि कारणही वरून द्या. नाही ऐकलं आणि कोणावर तरी आलंच, तर त्या माणसाला आजच खरं सांगा की हे तुझ्या कामाचं रेटिंग नाही. त्याच्यासाठी खोटी उणीव शोधून काढू नका. मी एकदा काढली होती, एका चांगल्या मुलाला "कम्युनिकेशन सुधारायला हवं" असं लिहून दिलं कारण काहीतरी लिहायचं होतं, आणि तो पुढचे कित्येक महिने मीटिंगमध्ये बोलताना अडखळायचा. ते मला अजून त्रास देतं.

प्रश्न : आमच्याकडे एक जण आहे, टार्गेट दरवेळी तोच पूर्ण करतो पण ज्युनियर्सना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतो. वर्षात तिघं सोडून गेले. मॅनेजमेंट म्हणतं स्वभावाला औषध नाही, रिझल्ट बघा. मी एचआरमध्ये नवीन आहे, काय करू?

उत्तर : रिझल्टच बघूया मग, पण पूर्ण. गेलेल्या तिघांच्या जागा किती दिवस रिकाम्या होत्या, नव्यांना शिकवायला कोणाचे किती दिवस गेले, त्या तिघांकडचे कोणते क्लायंट गेले, जे राहिलेत त्यांनी त्याला प्रश्न विचारणं कधीपासून बंद केलं, हे सगळं एका पानावर लिहा. त्याच्या आकड्यांच्या शेजारी हे पान ठेवा. नुसतं "तो वाईट बोलतो" म्हणून गेलात तर तुम्हाला भावनिक म्हणून परत पाठवतील.

आणि स्वभावाला औषध नसेल, वागण्याला असतं. हाच माणूस सीईओशी असा बोलतो का? नाही ना? म्हणजे त्याला जीभ आवरता येते, ज्युनियर्ससमोर आवरायची गरज त्याला आजवर कोणी पाडली नाही. त्याच्या इन्सेंटिव्हमध्ये टीममधून किती लोक सोडून गेले हे जोडायला सांगा आणि मग बघा. भिंतीवर काय मूल्यं लिहिलीयेत त्यापेक्षा प्रमोशन कोणाला मिळालं हे नवीन पोरं आधी वाचतात.

प्रश्न : ताई मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, मी 25 वर्षांचा आहे. 3 वर्षांत 4 नोकऱ्या झाल्या, प्रत्येक ठिकाणी कल्चर टॉक्सिकच निघालं. तुम्ही गेल्या वेळी लिहिलंत की जागेचा मोठा भाग असतो, ते वाचून मला फार बरं वाटलं. चांगली जागा ओळखायची कशी?

उत्तर : तुला बरं वाटलं हे वाचून मला जरा काळजी वाटली रे. जागेचा मोठा भाग असतो असं मी म्हणाले, सगळाच असतो असं नाही.

बॅरिक आणि माउंट यांनी 1991 मध्ये व्यक्तिमत्त्व आणि कामगिरीवरचे खूप सारे अभ्यास एकत्र केले, व्यावसायिक, पोलीस, मॅनेजर, सेल्सवाले, कारागीर, सगळे त्यात होते. बाकीचे गुण कुठे उपयोगी तर कुठे नाही असं निघालं, पण एक गुण सगळ्या कामांत कामगिरीशी जोडलेला निघाला, घेतलेलं काम नीट आणि वेळेत पूर्ण करायची वृत्ती. त्याचा परिणाम प्रचंड होता असं नाही, पण तो सगळीकडे होता. म्हणजे ही एक गोष्ट तू कुठल्याही ऑफिसमध्ये बरोबर घेऊन जातोस, किंवा जात नाहीस.

चारही कंपन्या वाईट असू शकतात, असं होतं कधीकधी, आणि सुरुवातीला माणसाला निवडायला फारसा वावही नसतो. पण दुसरा उशिरा आला तर तो बेफिकीर आणि आपण उशिरा आलो तर रस्त्यात गर्दी होती, असा विचार आपण सगळेच करतो, ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये दुसऱ्याकडे असं बघण्याला मूलभूत चूक म्हटलं होतं, परिस्थिती न बघता सगळं माणसाच्या स्वभावावर ढकलायचं. तू आत्ता त्याच्या उलट्या टोकाला आहेस, स्वतःचं सगळं परिस्थितीवर.

एक काम कर. चार कागद घे, एकेका नोकरीचा एकेक. वर लिही तिथे नेमकं काय झालं, "टॉक्सिक" हा शब्द न वापरता, कोण काय बोललं, कधी, कशावरून. खाली लिही तिथे असताना तू कबूल केलेली किती कामं वेळेत दिलीस आणि किती राहिली, कोणाला आधी कळवलंस का. चारही कागदांवर वरचं वेगवेगळं आणि खालचं सारखंच निघालं तर तुला कुठून सुरुवात करायची ते कळेल. वरचंच सारखं निघालं, म्हणजे चारही ठिकाणी अपमान, चारही ठिकाणी रात्री 11 ला फोन, तर तू निवडतानाच काहीतरी चुकतोयस, आणि ते शोधायला मी मदत करेन. कागद माझ्याकडे पाठव, मी वाचून उत्तर देईन.